बाबा, पाय पुढे करा

प्रिय आई-बाबा,

सोमवारपासून रोज सकाळी साडेआठला घरी एक मुलगा येईल. नर्सिंगचं काम शिकलेला आहे, आपल्या वसईतलाच आहे. बाबांचे पाय धुणं, कोरडे करणं, तळवे आणि बोटांच्या बेचक्या नीट बघणं आणि साखर तपासणं, एवढंच त्याचं काम. मी सगळं पक्कं केलंय, महिन्याचे पैसेही दिलेत. बाबा, तुम्हाला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता, आणि मग मला गप्प बसावं लागलं असतं.

आईनं करावं, असं तुम्हाला वाटेल. पण तिला खाली बसलं की उठवत नाही, आणि मोतीबिंदू काढल्यावरही बारीक चीर तिला दिसत नाही. नोकरी सोडून मीच यावं, हेही कितीदा मनात आलं. पण घराचे हप्ते आहेत, मुलांच्या शाळा आहेत. शनिवार-रविवार येते खरी, पण जखम शनिवारपर्यंत थांबत नाही.

फरशीवरचे ते रक्ताचे ठिपके अजून डोळ्यांसमोर येतात. आई पुसत पुसत मागच्या दारापर्यंत गेली, तेव्हा कळलं की ते तुमच्या टाचेचं रक्त. बोरीचा काटा स्लिपरमधून आरपार गेला होता, आणि तुम्ही पानवेलींना पाणी देऊन येऊन निवांत पेपर वाचत होता. दुखलंच नाही म्हणालात. बाबा, मला भीती त्या न दुखण्याचीच वाटते. साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात, मग काटा, फोड, चटका काहीच समजत नाही. रक्त नीट पोचत नसलं की जखम भरतही नाही. मोठ्या काकांचं असंच सुरू झालं होतं. पुढचं लिहवत नाही.

पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, चर्चमध्ये दरवर्षी योहानाच्या तेराव्या अध्यायातलं शुभवर्तमान वाचतात, येशूनं शिष्यांचे पाय धुतले ते. मग फादर बारा जणांचे पाय धुतात. त्या बारा जणांत तुम्हीही बसायचात. आधी घरी आई दगडानं तुमच्या टाचा घासायची, तरी भेगांतली वाडीची माती पुरती निघायची नाही. फादर पायांवर पाणी ओतायचे आणि तुम्ही मान खाली घालायचात. मला त्या पायांचा फार अभिमान वाटायचा.

ते वाचन ऐकताना आपण येशूकडेच बघतो. कमरेला रुमाल बांधून, पाण्याचं भांडं घेऊन, चाकरानं करायचं काम गुरू करतोय. यंदा मात्र मी पेत्र या शिष्यापाशी अडकले. तो म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र वाटतं! पण येशू त्याला स्पष्ट सांगतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा, हे त्यानंतर येतं. आधी सगळ्यांना पाय पुढे करावे लागले. तुम्ही जन्मभर हा पुढचा भाग पाळलात. पुराच्या वेळी घर भरून माणसं ठेवलीत. आजीला शेवटची दोन वर्षं स्वतःच्या हातानं आंघोळ घातलीत. आजीनं करू दिलं, म्हणून तुम्हाला ते करता आलं ना? मी तेवढंच मागतेय.

आई, २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, तेव्हापासून त्या विधीत बायकांचेही पाय धुता येतात. तुझी साखर काठावर आहे, तेव्हा तो तुझेही पाय बघेल. आढेवेढे नकोत.

बाकी काही बदलणार नाही. चर्चमधली सहाची मिस्सा, येताना पाव, आईच्या हातचा चहा, सगळं झाल्यावरच तो येईल. मागच्या पडवीत बसा, तिथे कुणी बघायला येत नाही. वाडीतही जा, मी कशाला अडवू? फक्त अनवाणी एक पाऊलही नको, न्हाणीतही नको. बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे. पाणी कोमटच, आणि ते आईनं कोपर बुडवून बघायचं. तुमच्या पायाला कळणार नाही. बोटांच्या मध्ये तेल चोपडायचं नाही. कुरूप ब्लेडनं कापायचं नाही. परवा कापलंत, ते मला कळलंय. आणि उपवास! उपासकाळ सुरू होतो तो राखेचा बुधवार असो की गुड फ्रायडे, चर्चचं बंधन १८ पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंतच असतं, आजाऱ्याला तर तेही नाही. गोळ्या घेऊन उपाशी राहणं आता बंद. शुक्रवारी मटण सोडता, ते खुशाल सोडा.

रागावून लिहीत नाही, बाबा. पावसाळ्यात शाळेतून आले की तुम्ही मला ओट्यावर बसवून माझ्या पायांची बोटं पंच्यानं पुसायचात, चिखल्या होऊ नयेत म्हणून, एकेक बेचकी. मला गुदगुल्या व्हायच्या, मी पाय ओढायचे, आणि तुम्ही धरून ठेवायचात. तसंच आता मी धरून ठेवलंय असं समजा.

मुलगा लाजरा आहे. पहिल्याच दिवशी घराणं विचारून त्याला घाबरवू नका. आई, त्याला चहा दे, वर पैसे देऊ नकोस, ते मी बघते. तळव्यांचे फोटो तो मला पाठवेल. रविवारी मिस्सेनंतर फोन करते.

आशीर्वाद असू द्या.

तुमची,
बाय