टोगा म्हणजे पांढरी चादर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘रोमन लूक’वर पानभर मजकूर आला. एका खांद्याचा गाऊन, पट्ट्यापट्ट्यांच्या ‘ग्लॅडिएटर’ चपला आणि रिसेप्शनसाठी पांढरा ‘टोगा ड्रेस’. फोटो झकास आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘टोगा हा रोमन स्त्री-पुरुषांचा रोजचा सुटसुटीत पोशाख’ हे वाक्य वाचून राहवले नाही. हौशी नाटकांच्या कपडेपटात माझी बरीच वर्षे गेली. ‘ज्युलियस सीझर’ नाटक म्हटले की दिग्दर्शक पांढऱ्या चादरी मागणार हे मला पाठ झाले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

साम्राज्यकाळातला टोगा म्हणजे पाच मीटरहून लांब असे लोकरीचे धूड. तेही धोतर-लुगड्यासारखे आयताकृती नव्हे, तर खालची कड गोलाईत उतरवलेली. एक टोक डाव्या खांद्यावरून पुढे पावलांपर्यंत सोडायचे, उरलेले कापड पाठीवरून उजव्या काखेखालून पुढे घ्यायचे आणि परत डाव्या खांद्यावरून मागे टाकायचे. ना पिन, ना गाठ. डावा हात कोपरात वाकवून धरला नाही तर सगळ्या चुण्या घसरतात. चादरीला ती गोलाई नसते. मग टोके पायात येतात आणि ऐन सीझरच्या खुनाच्या प्रवेशात मारेकरी ब्रूटस अडखळतो. भाषण करताना टोगा कसा सावरावा यावर क्विंटिलियन या वक्तृत्वाच्या गुरूने सविस्तर सूचना लिहून ठेवल्या आहेत. याला सुटसुटीत कसे म्हणायचे?

खरे तर तो रोमन नागरिकत्वाचा गणवेश होता. परक्यांना आणि गुलामांना मनाई, आणि ज्यांना हक्क होता ते शक्यतो टाळत. फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, गडद झग्यांतली गर्दी पाहून ऑगस्टस बादशहा संतापला आणि टोग्याशिवाय तिथे कुणाला थांबू देऊ नका, असे त्याने अधिकाऱ्यांना बजावले. जुवेनाल हा टवाळ कवी तर म्हणतो की इटलीच्या बऱ्याच भागात माणूस मेल्यावरच टोगा घालतो. रोजचे कपडे म्हणजे ट्युनिक: लोकरीचे दोन तुकडे शिवलेला, कमरेला बांधलेला साधा अंगरखा. सेनेटर असेल तर त्यावर रुंद जांभळा पट्टा, त्याखालच्या ‘अश्वारूढ’ वर्गाला अरुंद.

आता रिसेप्शनच्या ड्रेसबद्दल. घरंदाज विवाहितेचा पोशाख होता स्टोला हा पायघोळ झगा आणि त्यावर पाल्ला नावाची शाल. बाईच्या अंगावर टोगा म्हणजे ती वेश्या किंवा व्यभिचाराचा ठपका बसलेली, असा उल्लेख रोमन कवींकडे येतो. नवरी तर डोक्यावरून ज्वाळेच्या रंगाची ओढणी घ्यायची. पुरवणी वाचून कुणी कापड आणायला निघाले असेल तर एवढे कानावर घालावे.

पांढऱ्या रंगाचेही तसेच. झळझळीत पांढरा टोगा निवडणुकीला उभा राहणारा घालायचा, तोही खडू चोळून. (आपल्याकडच्या कडक इस्त्रीच्या खादीचा वंश तिथला नाही, पण गोत्र जुळते.) कापड धुणारे कामगार शिळ्या मूत्राच्या कुंडांत ते पायाने तुडवत आणि मग गंधकाची धुरी देत. ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरात अशी धुलाईघरे आजही पाहता येतात. हे मूत्र इतके कामाचे की व्हेस्पेशियन बादशहाने त्यावर कर बसवला.

मग हा शुभ्र ‘रोमन लूक’ आला कुठून? पुतळ्यांवरून. पाँपेईशेजारच्या, तसेच गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमचे उत्खनन 1738मध्ये आणि पाँपेईचे 1748मध्ये सुरू झाले आणि युरोपला रोमचे वेड लागले. मूळचे रंग उडालेले संगमरवरी पुतळे हाच लोकांनी पोशाखाचा नमुना धरला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ताल्मा हा नट टोगा घालून, आखूड केसांनी रंगमंचावर आला. मागोमाग पॅरिसमध्ये ‘टायटस’ पद्धतीचे आखूड केस आले आणि छातीखाली बांधलेले, पायघोळ पांढरे झगे आले. आजच्या ‘एम्पायर’ गाऊनचे कूळ हेच. गंमत म्हणजे रोमची लोकर कुणालाच नको होती. हे झगे मलमलीचे, आणि उंची मलमल बंगालची. ती इंग्रज व्यापाऱ्यांच्या हातून येते म्हणून नेपोलियनने फ्रान्समधल्याच लियों शहराच्या रेशमाचा आग्रह धरला.

चपलांबद्दल थोडक्यात: रोमन चित्रांत ग्लॅडिएटर बहुधा अनवाणीच दिसतात. पट्ट्यांची ती पायताणे सैनिकांची होती आणि तळाला लोखंडी खिळे ठोकलेले असत.

उलट, आज जगभर पुरुष जी विजार घालतात ती रोमनांच्या लेखी रानटी टोळ्यांचा पेहराव. चौथ्या शतकाच्या अखेरीस होनोरियस बादशहाच्या राजवटीत रोम शहरात ती घालायला चक्क बंदी झाली. रोमन कपडा न तुटता कुठे टिकला असेल तर तो चर्चमध्ये. वसईला किंवा पणजीला मिस्सेच्या वेळी धर्मगुरू अंगावर घेतात तो बिनबाह्यांचा झगा हा प्रवासात वापरायच्या रोमन ‘पेनुला’चा वारस आणि आतला लांब पांढरा अंगरखा ट्युनिकचा. कुठल्याही रॅम्पवर याहून अस्सल रोमन काही मिळणार नाही.

आणि एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे नाव आहे. तिथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जात असे आणि पुढे रोमन जहाजांत चढत असे. भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी रड थोरला प्लिनी या रोमन लेखकाने केली आहे. त्या पैशात मिरी होती, मोती होते, तसे कापडही होते. रोमचा प्रभाव आपल्या फॅशनवर शोधताना आपल्या मागांचा माल त्यांच्या अंगावर होता हे आपणच विसरलो, तर कसे?

या विषयावर पुन्हा पान करणार असाल तर तेरच्या कापडावर कुणाकडून तरी लिहून घ्यावे. तेरला सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. छायाचित्रकारालाही पाठवा, मॉडेलची गरज पडणार नाही.

आपला,
कपडेपटातला एक जुना वाचक, ठाणे