मोटरच्या मोबाईल ऑटोची कॉल सुविधा परत सुरू करून देण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : अपडेटनंतर बंद झालेली कॉल सुविधा आणि त्यामुळे झालेलं नुकसान

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातला शेतकरी. २०२२ च्या दिवाळीआधी विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटरसाठी आपल्या कंपनीचा मोबाईल ऑटो, म्हणजे फोनवरून मोटर चालू-बंद करायचं मशीन, घेतला. ६,४०० रुपये दिले, पक्कं बिल जवळ आहे. दुकानदाराने तेव्हा तीन कंपन्यांचे ऑटो समोर ठेवले होते. आपला थोडा महाग होता, तरी तोच घेतला, कारण त्याला नेट लागत नव्हतं. मशीनमधल्या सिमवर कॉल केला की मराठीत आवाज यायचा, चालू करायला एक दाबा, बंद करायला दोन दाबा. माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत, त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. त्यांना हे एकदाच सांगितलं, दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही.

आमच्याकडे शेतीची लाईन पाळीने येते, कधी दिवसा आठ तास तर कधी रात्री दहा तास. वावर गावापासून दोन किलोमीटरवर आहे, मधे नाला आणि झुडपी जंगल. याच राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघीण होती. २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घातली, तोवर तेरा माणसांचा जीव तिने घेतल्याचं सांगितलं जात होतं. त्या दोन वर्षांत सांजेनंतर वावरात जायला कोणी धजत नव्हतं. ती भीती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही, आणि रानडुकरं तर रोजचीच आहेत. म्हणून हा ऑटो आमच्यासाठी फार मोलाचा होता. बाबा दिवस मावळायच्या आत स्प्रिंकलरचे पाईप जोडून घरी यायचे, लाईन आली की खाटेवर बसल्या बसल्या मोटर चालू करायचे आणि चार तासांनी उठून बंद करायचे. दोन हंगाम एकदाही चूक झाली नाही.

गेल्या डिसेंबरात आपण मशीनला परस्पर अपडेट पाठवलंत. तेव्हापासून कॉल लावला की एक रिंग वाजते आणि कट होतो. नंतर एक मेसेज आला, तोही इंग्रजीत, की यापुढे मोटर फक्त ॲपवरूनच चालेल. आम्हाला आधी विचारलं नाही, कळवलंही नाही.

ॲप बाबांच्या फोनमध्ये चालतच नाही. माझ्या फोनमध्ये टाकलं, तर ते दर दोन-तीन दिवसांनी आपोआप लॉगआऊट होतं आणि नव्याने ओटीपी मागतं. आमच्या घरात नेटची एखादी काडी येते, ती ओसरीच्या टोकाला. ३ जानेवारीच्या रात्री मी तिथेच उभा होतो. लाईन दहाला आली होती, मोटर चालू झाली होती. दोन वाजता बंद करायला गेलो तर ॲपने परत लॉगिन मागितलं. ओटीपी आला तोवर त्याची मुदत संपलेली. दुसरा मागवला, तिसरा मागवला, त्यानंतर 'चोवीस तासांनी प्रयत्न करा' असं आलं. बाबांनी काही न बोलता टॉर्च आणि काठी घेतली. मी त्यांना एकट्याला जाऊ दिलं नाही. थंडीत नाला ओलांडून आम्ही दोघं पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते.

हरभरा फुलावर होता. आमची जमीन भारी काळी, तिच्यात हरभऱ्याला जास्तीचं पाणी अजिबात चालत नाही, मुळं कुजतात. खालच्या धुऱ्याकडच्या सखल भागात पाणी साचून राहिलं. आठ दिवसांत तिथली झाडं पिवळी पडली आणि मान टाकून वाळली. अंदाजे पाऊण एकर गेलं. फोटो सोबत जोडले आहेत.

आपल्या हेल्पलाईनला मी अकरा वेळा फोन केला. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि उत्तर एकच, ॲप काढून परत टाका. दोनदा तर कोणी न येता 'आपली तक्रार सोडवली आहे' असा मेसेज आला. त्या मेसेजचा मला सगळ्यात जास्त राग आला. तक्रार सुटली की नाही, हे तक्रार करणाऱ्याला विचारायला नको का? आमचा जुना स्टार्टर १९९८ सालचा होता. कॉइल जळाली की गावातला वायरमन तासाभरात बदलून द्यायचा. आपलं मशीन त्याला उघडताही येत नाही, आणि दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो.

कॉलवर चालणारं मशीन म्हणून आपण विकलंत, आम्ही तेवढ्यासाठीच पैसे दिले. ती सुविधा आम्हाला परत हवी आहे. जुनं सॉफ्टवेअर टाकून द्या, नाहीतर कॉलवर चालणारं दुसरं मशीन द्या. दोन्ही जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करा. हरभऱ्याच्या नुकसानीबद्दल लेखी उत्तर द्या. ॲप ज्यांना सोयीचं आहे त्यांनी खुशाल वापरावं, पण त्यासाठी बाबांसारख्यांचं बटण काढून घेऊ नका. आमच्या एकट्या गावात आपले नऊ ऑटो आहेत आणि त्यातले सहा म्हातारी माणसं चालवतात.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर मी तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्यात दावा दाखल करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

पुढची रात्रपाळी येत्या सोमवारपासून आहे. निदान तोवर आपला एक माणूस पाठवा. बाबांना परत अंधारात पाठवायची माझी तयारी नाही.

सोबत : बिलाची प्रत, मेसेजचे फोटो, पिकाचे फोटो

आपला ग्राहक,
एक शेतकरी, ता. राळेगाव, जि. यवतमाळ