"आहे तीच क्लच प्लेट चालेल" या आपल्या उत्तराबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : हलक्या फ्लायव्हीलसोबत क्लच प्लेटबाबत दिलेली चुकीची माहिती आणि त्यामुळे झालेले नुकसान

स. न. वि. वि.

तीन महिन्यांपूर्वी मी माझ्या गाडीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनासाठी आपले हलके फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला (क्रँकशाफ्टला) लावलेले चाक, घेतले. गाडीचे मूळ ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचे, मध्ये स्प्रिंगा असलेले) झिजले होते, इंजिन बंद करताना खाडकन आवाज यायचा. ते नाहीतरी बदलायचेच होते, म्हणून आपल्या मालाकडे वळलो. जुने 11 किलोच्या आसपास भरले, आपले 5 किलोच्या.

ऑर्डर देण्याआधी मी एकच प्रश्न ईमेलवर दोनदा विचारला होता. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या माझ्या क्लच प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगा नाहीत, कारण झटके झेलणाऱ्या स्प्रिंगा मूळ फ्लायव्हीलच्या पोटातच असतात. आपले फ्लायव्हील एकसंध आहे. मग स्प्रिंगांची क्लच प्लेट घ्यावी लागेल का? आपल्या तांत्रिक विभागाने लेखी कळवले : "गरज नाही. आहे तीच प्लेट चालेल. रोजच्या वापरात काही फरक जाणवणार नाही." या तीन वाक्यांवर विश्वास ठेवून मी पैसे भरले.

फिटिंग माझ्या नेहमीच्या मेकॅनिकने केले आणि मी पूर्ण वेळ शेजारी उभा होतो. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घेतले, कारण या इंजिनाचे बोल्ट आवळताना ताणले जातात आणि पुन्हा वापरायचे नसतात. ते टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने आवळले. फ्लायव्हीलवरचे गंजरोधक तेल क्लीनरने पुसून काढले. काम नीट झाले होते.

गाडी न्यूट्रलमध्ये सुरू केली आणि गिअरबॉक्समधून खडखड सुरू झाली. पत्र्याच्या डब्यात सुटे नट घालून डबा हलवावा, अगदी तसा आवाज. मेकॅनिकने क्लच दाबला, आवाज बंद. पाय उचलला, पुन्हा खडखड. मी गिअरबॉक्सजवळ कान नेला आणि त्याला आठ-दहा वेळा क्लच दाबून सोडायला लावला. दर वेळी तेच. सिग्नलला थांबल्यावर गिअरच्या दांड्यावर हात ठेवला तर तळहाताला मुंग्या आल्यासारखे वाटते. आता इंजिन गरम झाले की आवाज आणखी वाढतो.

कारण आपल्या तांत्रिक विभागाला माहीत असायलाच हवे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक सिलिंडर पेटतो, म्हणजे दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का बसतो. मूळ फ्लायव्हीलच्या दोन भागांमधल्या स्प्रिंगा तो धक्का गिळायच्या, म्हणूनच क्लच प्लेट साधी होती. आता तिथेही स्प्रिंग नाही, इथेही नाही. प्रत्येक धक्का थेट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर जातो आणि मोकळे फिरणारे गिअर एकमेकांच्या दात्यांवर आपटत राहतात. क्लच दाबला की शाफ्ट इंजिनापासून सुटतो, म्हणून आवाज थांबतो.

मी तक्रार केली तेव्हा आधी "फिटिंग चुकले असेल" असे उत्तर आले. मी गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. डायल गेज (बारीक वाकडेपणा मोजणारे उपकरण) लावून फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासला, तो सरळ फिरतो. मग दुसरे उत्तर आले, "हलके फ्लायव्हील म्हटले की आवाज येणारच." हे मला सर्वात जास्त लागले. आवाज येणारच होता, तर मी विचारले तेव्हा का नाही सांगितले?

जे हलक्या फ्लायव्हीलच्या स्वभावात आहे त्याबद्दल माझी एका शब्दाचीही तक्रार नाही. रेस पटकन चढते, पाय काढताच पटकन उतरते, चढावर गाडी उचलताना ती बंद पडू नये म्हणून थोडी जास्त रेस द्यावी लागते. हे समजून-उमजूनच घेतले होते, आणि गिअर खाली आणताना इंजिन ज्या चपळाईने साथ देते ते मला मनापासून आवडते.

मध्येच इंजिनचा दिवाही लागू लागला, मिसफायरचा कोड दाखवून. इंजिनचा कॉम्प्युटर क्रँकशाफ्टच्या वेगातले बारीक चढउतार मोजून मिसफायर ओळखतो. फ्लायव्हील हलके झाल्याने हे चढउतार वाढले की सिलिंडर पेटलाच नाही (म्हणजे मिसफायर), असा अर्थ तो लावू शकतो. आपल्या सांगण्यावरून मी चारही स्पार्क प्लग बदलले आणि कॉइल तपासून घेतल्या. दिवा आजही लागतो.

जाहिरातीतले एक वाक्यही दुरुस्त करा. "प्रत्येक गिअरमध्ये सारखाच पिकअप" हे खरे नाही. फ्लायव्हीलचे जडत्व गाडीला किती जड वाटते ते गिअरच्या एकूण प्रमाणाच्या (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे) वर्गावर, म्हणजे त्या आकड्याला त्यानेच गुणून, ठरते. माझ्या गाडीत पहिल्या गिअरला हे प्रमाण 14.4 आहे आणि पाचव्याला 3.6, म्हणजे चौपट. त्यामुळे पहिल्यात जेवढा फायदा मिळतो त्याचा सोळावा हिस्साच पाचव्यात मिळतो. पहिल्या-दुसऱ्यात फरक खरोखर जाणवतो. तेवढेच लिहिले असते तरी मी हे फ्लायव्हील घेतले असते.

माझी मागणी अशी आहे. या फ्लायव्हीलला बसणारी, मध्यभागी स्प्रिंगा असलेली क्लच प्लेट आपल्या खर्चाने द्यावी आणि गिअरबॉक्स दोनदा उतरवण्याची मजुरीही द्यावी : एकदा आपल्या सांगण्यावरून उतरवला त्याची, आणि आता प्लेट बदलायला उतरवावा लागेल त्याची. अशी प्लेट आपल्याकडे नसेल तर फ्लायव्हील परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. शिवाय ड्युअल मासच्या जागी हेच फ्लायव्हील बसवलेल्या बाकीच्या ग्राहकांना आपण होऊन कळवावे. त्यांच्यापैकी कोणी हा आवाज गिअरबॉक्सचा दोष समजून चांगला गिअरबॉक्स खोलून बसला असेल.

आवाजाचे दोन व्हिडिओ, आपली दोन्ही ईमेल, मेकॅनिकचा लेखी अभिप्राय आणि बिल सोबत जोडले आहे. आपला माणूस गाडी पाहायला येणार असेल तर इंजिन गरम करून ठेवतो. न्यूट्रलमध्ये क्लच एकदा दाबून सोडला की त्याला सगळे ऐकू येईल. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे, आणि ते ज्याला क्लच प्लेटची माहिती आहे अशा व्यक्तीने लिहावे, ही विनंती.

आपला ग्राहक