जोनाथन आईवर गेला होता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मनोरंजन पुरवणीत ‘सुपरमॅन अँड लोइस’ या अमेरिकी मालिकेवर आलेला लेख वाचला. शेवटच्या सीझनमध्ये सुपरमॅनचा मुलगा जोनाथन केंट याला वडिलांसारख्या शक्ती मिळाल्या, हा त्या पात्राला उशिरा का होईना मिळालेला न्याय आहे, असा त्याचा सूर होता. हे मत अनेकांचे आहे आणि ते जोनाथनवरच्या प्रेमापोटीच आले आहे. तरीही ते चुकीचे वाटते, म्हणून हे पत्र.

‘द सीडब्ल्यू’ वाहिनीवर ही मालिका २३ फेब्रुवारी २०२१ ला सुरू झाली आणि २ डिसेंबर २०२४ ला संपली. चार सीझन, एकूण ५३ भाग. कॉमिक्समधला जोनाथन हा क्लार्क (म्हणजेच सुपरमॅन) आणि त्याची पत्रकार पत्नी लोइस यांचा एकुलता एक मुलगा. तो २०१५ च्या अंकांत जन्मला आणि त्याच्यात वडिलांच्या शक्ती उतरल्या. मालिकेने त्याला जुळा भाऊ दिला, जॉर्डन. शक्ती जॉर्डनकडे गेल्या आणि ओळखीचे नाव मात्र शक्ती नसलेल्या मुलाला मिळाले. रूपांतरात मूळ गोष्टीत बदल करावेच लागतात, पण त्यातला एखादाच नवे काहीतरी जन्माला घालतो. हा तसा बदल होता. फुटबॉलमध्ये चमकणारा, आत्मविश्वासाने वावरणारा मुलगा साधा निघतो, आणि माणसांत मिसळायला घाबरणाऱ्या त्याच्या भावाच्या डोळ्यांतून आग निघते.

त्यामुळे घराची वाटणी दोन-दोन अशी झाली. क्लार्क आणि जॉर्डन एकीकडे, लोइस आणि जोनाथन दुसरीकडे. आपल्याकडे मूल बापावर गेले की आईवर, हे बारशालाच ठरवून टाकतात. जोनाथन आईवर गेला होता. आणि ही आई साधीसुधी नाही. ‘डेली प्लॅनेट’ सोडल्यावर ती ‘स्मॉलव्हिल गॅझेट’सारख्या गावच्या वर्तमानपत्रात रुजू होते. तिच्या बातमीदारीमुळे सुपरमॅनचा कट्टर शत्रू लेक्स लुथर तुरुंगात जातो, त्यासाठी तिला उडता यावे लागत नाही. तिसऱ्या सीझनमध्ये तिला स्तनाचा कर्करोग होतो आणि घरातली सगळी महाशक्ती त्या आजारापुढे हात टेकते. चौघांपैकी तिघे उडू लागले की साधी माणूस एकटी लोइस उरते, आणि आईकडून जे आले होते ते पुरेसे नव्हते, असा अर्थ आपोआप निघतो. लेखकांना तो अभिप्रेत नसेलही, पण पडद्यावर तोच दिसतो.

जोनाथनला शक्तीची हाव सुटली तर काय होईल, हा प्रश्न मालिकेने दुसऱ्या सीझनमध्येच घेतला होता आणि चोख सोडवला होता. एक्स-क्रिप्टोनाइट ओढून काही काळापुरते बळ मिळवणारी शाळकरी मुले, त्यांच्यापुढे मैदानात मागे पडणारा जोनाथन, मग त्याच्याही हातात आलेला तो इनहेलर, संघातून हकालपट्टी, घरात उडालेला विश्वास. त्याच सीझनमध्ये उलट्या जगातला जॉन-एल, म्हणजे जोनाथनचाच तिथला अवतार, येतो. त्या जगात शक्ती जोनाथनकडे आहेत, जॉर्डनकडे नाहीत, आणि तो मुलगा वाट चुकून खलनायिका अ‍ॅली ऑलस्टनच्या बाजूला जातो. एवढे दाखवून झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा उघडायचा, तर त्या दोन्ही कथांहून वेगळे काही सांगायला हवे होते. चौथ्या सीझनकडे ते नव्हते.

तिसऱ्या सीझनमध्ये लेखकांना त्याची खरी जागा सापडली होती. जोनाथन स्मॉलव्हिलच्या अग्निशमन दलात शिकू लागतो. आगीत शिरणाऱ्या जवानाच्या पाठीवरच्या टाकीत दाबाखाली भरलेली साधी हवा असते, ऑक्सिजन नव्हे. अर्ध्या तासाची म्हणून मिळणारी टाकी शिडी चढताना किंवा माणूस ओढून आणताना १५ ते २० मिनिटांतच संपते. अमेरिकेतल्या आजच्या मानकाप्रमाणे एक-तृतीयांश हवा उरली की गजर वाजतो, आणि तो वाजायच्या आधीच परतीची वाट धरायची असते. पेटत्या घरात दोघांनी जोडीने जायचे आणि बाहेर आणखी दोघांनी त्यांच्यासाठी तयार उभे राहायचे, असाही नियम आहे. अठरा वर्षांखालच्या शिकाऊंना तर सहसा आत जाऊच देत नाहीत. त्यांनी होज पसरायचे, टाक्या बदलायच्या, साहित्य हाताशी ठेवायचे. नाटककाराला याहून काय हवे? घड्याळ आहे, जोडीदार आहे, मोडायचा मोह व्हावा असा नियम आहे. अंग अभेद्य झाले की टाकी, गजर, जोडीदार सगळेच शोभेचे होऊन जाते. शक्तीने जोनाथनची कथा पुढे नेली नाही, तिने त्याचे काम काढून घेतले.

निर्मितीचीही बाजू आहे. चौथा सीझन दहाच भागांचा होता आणि पैशाला कात्री लागल्याने आधीचे बहुतेक सहकलाकार नियमित राहिले नव्हते. जाहिराती वगळता एका भागात जेमतेम ४२ मिनिटे मिळतात. शक्तींचा खर्चही सारखा नसतो. दूरचे ऐकू येणे सर्वांत स्वस्त: चेहऱ्याचा क्लोजअप आणि ध्वनिमुद्रण, काम झाले. डोळ्यांतले किरण मोजक्या शॉटमध्ये भागतात. उड्डाण मात्र महाग, कारण तारा, हार्नेस, निळा पडदा, संगणकावर घडवलेली देहप्रतिकृती हे सगळे लागते, आणि एका चौकटीत तिघे उडाले की हे काम तिघांचे होते. वेळेचे गणित त्याहून कठीण. जॉर्डनच्या वाट्याला तीन सीझन आले होते. सुपरमॅनच्या गुप्त किल्ल्यातली तपासणी, मानवी वारशामुळे तो कमी पडेल हे सुपरमॅनचे जन्मदाते जोर-एल यांचे बोलणे, आजोबा सॅम लेन यांनी लपूनछपून घेतलेली शिकवणी, हे सगळे आपण पाहिले. जोनाथनला तेच टप्पे काही भागांत उरकावे लागले. सराव दिसला नाही की शक्ती कमावलेली वाटत नाही, हातात ठेवलेली वाटते.

तुलना बाहेर शोधायला नको, याच मालिकेत नॅटली आयर्न्स आहे. वीराची मुलगी, जन्मजात शक्ती काही नाही. ती वडिलांसारखे चिलखत स्वतः घडवते. कुठे जमले नाही, काय पुन्हा करावे लागले, वडिलांनी कुठे अडवले, हे सगळे समोर घडते, म्हणून तिच्या उड्डाणावर शंका येत नाही. द्यायचेच होते तर जोनाथनला असे काही द्यायचे होते.

शक्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांची एक तक्रार मात्र पूर्ण खरी आहे. तिसऱ्या सीझनमध्ये जोनाथनला पडद्यावर वेळच कमी मिळाला. जोनाथनची भूमिका आधी करणाऱ्या जॉर्डन एल्सास या अभिनेत्याच्या जागी मायकल बिशप आला, आणि नव्या चेहऱ्याला पाय रोवायला जे प्रसंग लागतात तेही तुटपुंजे होते. शक्ती आल्यावर त्याला काम मिळाले आणि भावाभावांत थोडी चुरस आली, हेही मान्य. पण वेळ कमी पडत होता तर वेळ द्यायचा होता. लेखकाने ज्या पात्राकडे लक्ष दिले नाही, त्याच्यातच काही उणे होते असे ठरवून त्याला शक्तीची भरपाई देणे हा त्या पात्रावर अन्याय आहे.

चौथ्या सीझनमध्ये तर संधी दारात उभी होती. डूम्सडे नावाचा राक्षस सुपरमॅनला ठार मारतो. गाव उघडे पडते. साध्या माणसांनी पुढे यायची हीच वेळ, आणि मालिकेतला सर्वांत मोठा प्रसंग साध्या माणसाच्याच हातून घडतो: सॅम लेन जीव देतात, त्यांच्या हृदयावर सुपरमॅन पुन्हा उभा राहतो आणि पुढे माणसासारखा म्हातारा होत जातो. जोनाथनचे आजोबा, आईचे वडील, कसलीही शक्ती नसलेला सैनिक. त्यांच्या नातवाला त्याच आठवड्यांत होज उचलून त्याच गावात आग विझवताना दाखवता आले असते. नेमके तेव्हाच त्याला उडायला लावले.

आपला,
एक नियमित वाचक