शुभास, बाल्टिमोरहून

प्रिय शुभे,

पत्र नाही म्हणून चिडली असशील, चीड. गुडघा बरा, साखर आटोक्यात. पुढे.

शुक्रवारी दवाखान्यात एक कृष्णवर्णीय आई आली. मुलगी अकरा वर्षांची, दातांना तारा, मांडीवर अर्धवट सोडवलेली गणितं. धनुर्वाताची लस घेतली, मेंदूज्वराची घेतली. एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या विषाणूवरची लस, म्हटल्यावर आई म्हणाली, "ही शाळेला लागत नाही ना? मग आज नको."

आमची नवी डॉक्टर बाहेर येऊन पुटपुटली, "यांना सांगून उपयोग नाही." माझं डोकंच फिरलं. अगं, सांगितलं कुठे? बाकीच्या लशी "आज द्यायच्यात" आणि ही तेवढी "हवी असेल तर"! आणि या लोकांचा अविश्वास काय उगाच आहे? अलाबामातल्या टस्कगीत 1932 ते 1972 सरकारी डॉक्टर उपदंश झालेल्या काळ्या पुरुषांचा रोग नुसता बघत बसले, पेनिसिलीन हाताशी असताना दिलं नाही. शिवाय हे हेन्रिएटा लॅक्स या काळ्या बाईचं शहर. 1951 साली एकतिसाव्या वर्षी गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं गेली. तिला न विचारता घेतलेल्या पेशी जगभर वाढवल्या, घरच्यांना वीसेक वर्षं पत्ता नाही. पुढे त्याच पेशींत एचपीव्ही 18 सापडला, आणि ही लस त्याच्यावरही! त्यात याच कर्करोगानं काळ्या बायका गोऱ्यांपेक्षा जास्त मरतात. म्हणून जीव तुटतो.

मीच आत जाऊन बसले. "आत्ताच कशाला? ही अजून मुलांशी बोलतसुद्धा नाही." म्हटलं, म्हणूनच आत्ता. संसर्गाच्या आधी दिली तरच पुरता उपयोग, आणि पंधराच्या आत सुरू केली तर डोसही कमी लागतात. पुढे मूल व्हायला अडचण? नाही. तुमच्या मुलीला दिलीत? दिली. फोनमध्ये सगळं टिपून घेतलंन. "हिच्या बाबांशी बोलते." लस राहिलीच, पण पुढची तारीख घेऊन गेली.

आणि तू! मीराच्या लशीवर "आपल्या घरात तसलं काही नसतं" लिहितेस? 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममला याच लशीच्या प्रकल्पात वसतिगृहाच्या वॉर्डननी मुलींच्या वतीनं संमतीच्या सह्या ठोकल्या होत्या. त्याचा राग धरला असतास तर मी गप्प बसले असते. हा नुसता ताठा आहे, थेट काकूंकडून आलेला, जीन्सवरून कॉलेजात झालेल्या महाभारतातला. सीरमची लस तुमच्या पुण्यातच बनते, बाई.

नव्या घराचं अभिनंदन, फोटो पाठव. दादांचं मोतीबिंदूचं झालं का?

मीराचं काय ते कळव. भांडायचं असेल तर फोनच कर, पत्रात तू फार सभ्य भांडतेस.

तुझी,
नीलू