साहेब, आत्याच्या घरात गाडी आहे हे तुम्हाला कळलं, आत्याला कधी कळवणार?

मा. केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्री साहेब,
सोलापूरहून सप्रेम नमस्कार.

माझी आत्या विडी घरकुलला, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहते, विड्या वळते. पानं कापून धागा बांधून तिच्या बोटाच्या रेघाच गेल्यात, अंगठा मशीनवर तीनदा पुसून ठेवला तरी घेत नाही. तरी बिचारी दरवेळी लाईनीत उभी राहते. तर एका सरकारी योजनेचे तिचे पैसे अचानक बंद झाले. का, ते कुणी सांगेना. दोन खाडे करून ऑफिसात गेलो तर ऑपरेटरनं स्क्रीन आमच्याकडं फिरवली आणि म्हणाला, कुटुंबात चारचाकी दिसतीया. आत्या म्हणाली, "कुठाय वो गाडी? मला तरी दाखवा की."

गाडी निघाली दिराच्या पोराची. सहा वर्षं झाली चूल वेगळी होऊन, पण रेशनकार्डावरची नावं तशीच राहिलेली. म्हणजे चूक आमचीपण आहे थोडी, मान्य. पण आरटीओची यादी आणि रेशनची यादी कुणी कधी जोडली, जोडायच्या आधी एक साधा मेसेज का नाही आला, आणि लेखी मागितलं तर "सिस्टीमनं काढलंय" एवढंच उत्तर, हे काय वो साहेब?

खोटे लाभार्थी काढा, आमचं काही म्हणणं नाही. पण "लपवायला काही नाही तर घाबरता कशाला" असं कुणी म्हणलं की डोकं फिरतं. आमच्या चाळीत कुणाच्या घरात आज काय शिजलं ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण शेजारच्या काकूंच्या हातात माझं रेशन नसतं ना. आणि काकू चुकीचं बोलल्या तर त्यांचं दार मला माहितीये. तुमच्या सिस्टीमचं दार कुठंय?

२०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर ६ वर्षांनी, २०२३ ला लोकांची वैयक्तिक माहिती जपण्यासाठी तुमचा डेटा कायदा आला. त्यात देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणं देऊन केंद्र सरकार आपल्याच यंत्रणांना कायद्यातून सूट देऊ शकतं, आणि आम्ही खोटी तक्रार केली तर आम्हाला १० हजारांपर्यंत दंड. बरं, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्यात माहिती अधिकाराला कात्री लावणारं कलम लगेच लागू आणि आमची माहिती बघायचा, दुरुस्त करायचा हक्क १८ महिन्यांनी! आधी वैयक्तिक माहितीसुद्धा व्यापक जनहितासाठी देता येईल असं माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(j) मध्येच लिहिलेलं होतं, ते काढलं. तुम्ही म्हणाल, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते असं सांगणारं त्याच कायद्याचं कलम ८(२) आहे की अजून. आहे, पण तालुक्याच्या ऑफिसातला क्लार्क ८(२) उघडून बघणार आहे का? तो "वैयक्तिक माहिती" असा शेरा मारून अर्ज परत करणार, अपील करत बसा मग.

माझी मागणी एकच आहे आणि ती तुम्हाला जमण्यासारखी आहे, कारण अर्धी तुम्ही आधीच केलीये. आधारच्या साईटवर गेलं की मागच्या ६ महिन्यांत आपलं आधार कुठं कुठं तपासलं गेलं ते दिसतं. तसंच एका खात्यानं दुसऱ्या खात्याच्या यादीशी आमचं नाव लावून बघितलं की त्याची नोंद आम्हाला दिसू द्या: कुठल्या खात्यानं, कुठल्या तारखेला, कशासाठी. आणि त्यावरून काही बंद करणार असाल तर आधी नोटीस, महिनाभराची मुदत, आणि ज्याच्याकडं जायचं त्या माणसाचं नाव.

मेसेज मराठीत पाठवा. तेलुगूतपण पाठवला तर आमच्या सोलापूरच्या पूर्वभागात अजून बरं, तिथं तेलुगू बोलणारी माणसं बरीच आहेत. आत्याला वाचता येत नाही, पण पोरगी वाचून दाखवते.

आपला,
सोलापूरचा एक नागरिक
(नाव लिहीत नाही, तुम्हाला सापडेलच)