४८ के म्हणून विकलेल्या, प्रत्यक्षात १६ के निघालेल्या संगणकाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘४८ के, संपूर्ण तपासलेला’ म्हणून दिलेला झेडएक्स स्पेक्ट्रम संगणक सदोष असल्याबाबत

महोदय,

आपल्याकडून घेतलेला जुना झेडएक्स स्पेक्ट्रम (टीव्हीला जोडायचा सिंक्लेअरचा जुना घरगुती संगणक) सदोष आहे. ४८ के, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीचा, म्हणून दिला, पण त्यातली १६ केच चालते. पावती आणि आपल्या सहीशिक्क्याचे ‘टेस्टेड ओके’ कार्ड सोबत जोडले आहे. फोन करून झाले, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून झाले. आपल्याकडचे उत्तर ठरलेले: “काका, मशीन ऑन होतंय ना? स्क्रीनवर लाइन येते ना? मग ओके आहे ते.” म्हणून आता लेखी कळवत आहे.

लाइन येते, त्याबद्दल वाद नाही. ‘१९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड’ अशी ती ओळ तळाला झळकते. पण खानावळीबाहेर ‘आज सुरमई’ अशी पाटी लागली म्हणजे तव्यावर सुरमई असतेच असे नाही. ही ओळ १६ के मशीनवर येते आणि ४८ के मशीनवरही अगदी तशीच येते. वीज मिळाली की रॉममधला (न पुसल्या जाणाऱ्या मेमरीतला) प्रोग्रॅम आधी मेमरी मोजतो. वरून खाली येत मेमरीच्या प्रत्येक घरात २ लिहितो, मग खालून वर जात प्रत्येक घरातून दोनदा १ वजा करतो आणि शेवटी शून्य उरले का ते बघतो. जिथे हिशेब जुळत नाही तिथे थांबतो, त्याखालची मेमरी तेवढी आपली म्हणतो आणि तक्रारीचा एक शब्द न काढता ती ओळ दाखवून मोकळा होतो. ओळ बघून पास करणे म्हणजे तपासणी न करणे.

मोजणी कुठे थांबली तो आकडा मशीन २३७३२ आणि २३७३३ या दोन घरांत लिहून ठेवते. ‘प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३’ एवढे टाइप करायचे; पीक म्हणजे त्या घरातला आकडा वाचणे. ४८ केवर उत्तर ६५५३५ येते, १६ केवर ३२७६७. आपण पाठवलेल्या मशीनवर ३२७६७ येते. फोटो क्रमांक १ पाहावा.

मी वेंगुर्ल्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवून आता निवृत्त झालो आहे, त्यामुळे एवढ्यावर थांबलो नाही. ४०००० या घरात ० पोक केला (म्हणजे लिहिला) आणि लगेच पीक केले, तर ८ आले. ३३०००, ५००००, ६५०००, सगळीकडे तेच: शून्य ठेवा, आठ काढा. आठ म्हणजे खालून चौथा बिट कायम एकवर चिकटलेला. या मशीनमध्ये एका बाइटचे आठ बिट आठ वेगळ्या आयसींत (चिपमध्ये) राहतात. ४८ पैकी वरच्या ३२ केच्या आठ आयसींपैकी एकच उडाली आहे हे झाकण न उघडताच कळत होते.

मग झाकण उघडले. आपले वॉरंटी सील कुठेही नव्हते, हे आधीच सांगतो, म्हणजे तो मुद्दा नको. आठपैकी सात आयसी मूळच्या, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ४५३२, शेवटी ‘एनएल३’ छापलेल्या. आठवी अलीकडे बदललेली. तिच्या पायांशी फ्लक्स अजून चिकट आहे, एका पायाला सोल्डरचा गोळा तसाच राहिला आहे. तिच्यावर छापले आहे ‘एनएल४’. फोटो क्रमांक २.

हा ३ आणि ४ चा फरक आपल्या कारागिराला माहीत नसावा, म्हणून लिहितो. ४५३२ ही मुळात ६४ किलोबिटची आयसी. कारखान्यात जिचा एक अर्धा भाग निकामी निघाला, ती फेकून न देता ३२ किलोबिटची म्हणून स्वस्तात विकली जाई. सिंक्लेअरने तीच घेतली, म्हणून तर ४८ के मॉडेल सुरुवातीला १७५ पौंडांत देता आले. (या काटकसरीचे मला कौतुकच आहे.) पण कोणता अर्धा भाग चांगला, हे त्या शेवटच्या आकड्यावरून ठरते आणि बोर्डावरची एक लिंक (तारेची जोडणी) आठही आयसींना तोच अर्धा भाग वापरायला लावते. म्हणजे आठही एकाच आकड्याच्या हव्यात. सात तिनाच्या आणि एक चाराची बसवली, की त्या एकीचा नेमका मेलेला अर्धा भाग वापरात येतो. माझ्या मशीनचे हेच झाले आहे.

आता आपली दोन स्पष्टीकरणे. पहिले, “कोकणातली खारी हवा.” खारी हवा काय करते ते मला सांगू नये, आयुष्यभर त्याच हवेत काळे पडलेले ट्यूनर उघडले आहेत. हवेने खाल्ले असते तर आधी मागचा उघडा एज कनेक्टर (बोर्डाच्या कडेवरच्या धातूच्या पट्ट्या) हिरवा पडला असता. तो लखलखीत आहे. दुसरे, “तुमच्याकडे व्होल्टेज वर-खाली होते.” होते, विशेषतः पावसात. पण खालच्या १६ केच्या ४११६ आयसींना +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात आणि −५ गेला की त्या आधी मरतात. वरच्या आयसींना फक्त ५ लागतात. व्होल्टेजने मारले असते तर खालच्या नाजूक आठ सोडून वरच्या आठांतली नेमकी आपण बदललेलीच आयसी कशी गेली?

१६ केवर भागवून घ्या, असेही सुचवण्यात आले. भागत नाही. हे मशीन मी गेम खेळायला घेतलेले नाही. इथल्या वाचनालयात सुट्टीत मुलांचा वर्ग घेतो, मे महिन्यात चाकरमान्यांची मुलेही त्यात असतात. संगणकाच्या पोटात काय चालते ते दाखवायला याच्याइतके उघडे यंत्र दुसरे नाही. १६३८४ मध्ये २५५ पोक केले की स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आठ ठिपक्यांची बारीक रेघ उमटते. २२५२८ मध्ये आकडा बदलला की पहिल्या चौकोनाचा रंग बदलतो. एवढे आपल्या मशीनवरही होते. पण मला दाखवायची होती ती पुढची गोष्ट. चित्र खालच्या १६ केमध्ये असते आणि यूएलए ही फेरांटीने बनवलेली चिप टीव्हीवर चित्र काढताना तीच मेमरी वाचते. तेवढ्यात प्रोसेसरलाही ती हवी असेल तर यूएलए त्याला थांबवून ठेवते. म्हणून मोजणीचा एकच लूप ३०००० वर ठेवला तर रेंगाळतो आणि ४०००० वर ठेवला तर मोकळा पळतो. २३६७२ वरचा फ्रेम मोजणारा काउंटर वाचून मुले स्वतः फरक काढू शकतात. माझ्या प्रोग्रॅमची पहिलीच ओळ ‘क्लिअर ३९९९९’ आहे, म्हणजे ४०००० पासून वरची मेमरी राखून ठेव. आपले मशीन तिथेच ‘रॅमटॉप नो गुड’, म्हणजे एवढी मेमरीच नाही, म्हणते. पुढे काहीच चालत नाही.

अ‍ॅडॅप्टरचा मुद्दा याहून गंभीर आहे. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो, पण आतली पिन उणे आणि बाहेरची कडा अधिक. बाजारातल्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरच्या उलट. आपण सोबत दिलेला अ‍ॅडॅप्टर बाजारातलाच आहे, आतली पिन अधिक. मी मल्टिमीटर लावल्याशिवाय काही जोडत नाही म्हणून मशीन वाचले आणि माझ्याकडचाच सप्लाय वापरला. आपल्या दुसऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाने सरळ पिन खुपसली असती तर त्याचे मशीन तिथेच गेले असते. ज्यांना ज्यांना असे अ‍ॅडॅप्टर गेले असतील त्यांना आजच फोन करा.

चांगले ते चांगले म्हणतो: कंपोझिट व्हिडिओचे काम स्वच्छ आहे, चित्र स्थिर येते, कीबोर्डचा नवा पडदाही ठीक आहे. म्हणूनच उरलेले काम असे कसे झाले याचे नवल वाटते.

माझी मागणी अशी. ती आयसी काढून एनएल३ बसवावी. न मिळाल्यास ४१६४ बसवावी, तिचे दोन्ही अर्धे भाग शाबूत असतात. जाण्या-येण्याचे कुरिअर आपल्या खर्चाने. योग्य पोलॅरिटीचा अ‍ॅडॅप्टर द्यावा. हे जमणार नसेल तर मशीन परत घेऊन पावतीवरची पूर्ण रक्कम द्यावी. परत पाठवताना कार्डावर ‘ओके’ऐवजी ६५५३५ हा आकडा लिहावा, आणि त्या आकड्यावरही विसंबू नये. रॉमची चाचणी प्रत्येक घरात २, १ आणि ० एवढेच बघते. वरचा एखादा बिट कायम शून्यावर चिकटला असेल तर ती त्याला पास करते. प्रत्येक घरात २५५ आणि ० दोन्ही लिहून वाचून पाहावे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यासाठी मला आपल्या शहरात यावे लागणार नाही.

आपला,
एक ग्राहक
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग

सोबत: पावतीची प्रत, ‘टेस्टेड ओके’ कार्डाची प्रत, स्क्रीन व बोर्डाचे फोटो, अ‍ॅडॅप्टरच्या पिनवर मल्टिमीटर लावलेला फोटो.